चलनाच्या मागचं चित्र

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी आजही ताठ मानेने सांगते. त्याच तोऱ्यात मी एकदा एक चित्र काढलं, त्याबद्दल मात्र कुणाला सांगितलेलं नाही.

माझा मोठा भाऊ राहनाळच्या एका गोदामात माल चढवण्या-उतरवण्यावर देखरेख करायचा. त्याला एचआयव्ही होता. घरात हे फक्त मला ठाऊक. आईला आम्ही पोटाचं दुखणं सांगितलं होतं. औषधासाठी तो मुद्दाम लांबच्या इस्पितळात जायचा. इथे कोण कुठे भेटेल सांगता येत नाही.

मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असताना त्याची गोळी बदलली. ही नेमकं करते काय, असं त्याने विचारलं. मला कोण आनंद झाला! त्याच्याच खिशातल्या, मालासोबत येणाऱ्या डिलिव्हरी चलनाच्या मागे मी चित्र काढलं. विषाणूकडे एक कात्री असते, तिला एन्झाइम म्हणतात. प्रथिनाची लांब माळ ती जागोजागी कापते, तेव्हा कुठे नवा विषाणू तयार होतो. गोळी त्या कात्रीच्या तोंडात जाऊन बसते, कुलपात चावी बसावी तशी.

"एकदा बसली की बसली," मी म्हटलं. पुस्तकात तसंच चित्र होतं.

त्याने चलनाची घडी करून पाकिटात ठेवली.

एमएस्सीला मी याच एन्झाइमवरचा प्रकल्प मागून घेतला. कॉम्प्युटरवर ते पहिल्यांदा हलताना पाहिलं. तोंडावर दोन झडपा असतात, त्या कधी स्वस्थ नसतात. उघडतात, मिटतात. औषध ताठर, झडपा नीट मिटल्या तरच ते टिकतं. तेही कायमचं नाही. सुटलेलं औषध शरीर बाहेर टाकतं, म्हणून गोळी वेळेवर लागते. गोळ्या चुकल्या की विषाणू वाढतो, वाढता वाढता बदलतो. तोंडापासून लांब कुठेतरी जरासा बदल होतो आणि झडपा सैल पडतात. औषध निसटतं. विषाणूची स्वतःची माळ मात्र लवचीक. सैल तोंडातही ती जमवून घेते आणि कापली जाते.

त्या रविवारी मी भावाला सरळ विचारलं, गोळ्या चुकवतोस का? तो जेवत होता. म्हणाला, गोदामात सगळ्यांचे डोळे एकमेकांच्या डब्यावर असतात. डबल ड्युटी लागली की राहून जातं. मग मलाच धीर द्यावा तसं म्हणाला, "तूच सांगितलंस ना बाय, चावी बसली का बसली. दोन दिसांनी काय व्हतंय?"

ते चित्र चुकीचं होतं, मी म्हटलं. तो हसला. "म्हंजे पुस्तक पण चुकतंय?"

त्यानंतर त्याने एकही गोळी चुकवली नाही. मोबाइलला गजर लावला होता. पण रिपोर्ट आला तो औषध लागू पडत नसल्याचा. पुन्हा औषधं बदलली. तोवर त्याचं अंग पार खंगलं होतं. होळीच्या आधी तो गेला.

दिवसकार्याला वळ गावची आत्या आली होती. पोराला झालं तरी काय होतं, तिने आईला विचारलं. आईने माझ्याकडे बोट केलं. "माना काय कलतंय? हिला सगलं ठाव हाय. शिकलेली हाय ना. हिनंच त्याला नीट समजावलं व्हतं."

आत्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी चहाचे कप उचलले आणि आत गेले.