पाणबुड्यावरची फिल्म

बाबांना सगळे 'गोळीचे डॉक्टर' म्हणत. पिनबॉलच्या यंत्रात जी पोलादी गोळी धावते, तिचे. चाळीस वर्षं त्यांनी खेळघरांतली ही यंत्रं दुरुस्त केली, आणि एका बाबतीत कुणाचंच ऐकलं नाही. पटावरची जुनी फिल्म काढायची नाही म्हणजे नाही.

यंत्रातल्या लाकडी पटावर चित्र रंगवलेलं असतं. गोळीनं ते खरवडू नये म्हणून वर पारदर्शक फिल्म चिकटवतात. वर्षं सरली की ती पिवळी पडते, बुडबुडे धरते. मग ती काढली, तर खालचा रंग एक तर नव्यासारखा निघतो, नाहीतर फिल्मला चिकटून सालीसारखा वर येतो. "यातलं काय होणार ते बोटांना कळतं," बाबा म्हणत, "पण अगदी शेवटच्या क्षणी."

म्हणूनच खेळघराच्या मालकीणबाई त्यांचं पाणबुड्याचं चित्र असलेलं यंत्र घेऊन आल्या, आणि बाबा पटकन "काढू की" म्हणाले, तेव्हा मी चमकले. बाईंचे यजमान नुकतेच गेले होते. त्यांनी पहिल्यांदा घेतलेलं यंत्र हेच.

"तो निळा रंग एकदा बघायचाय," त्या म्हणाल्या. "पण धोका असेल तर राहू द्या हं."

"धोका कसला? माझे हात आहेत ना!"

हे बोलताना बाबांचे हात खिशात होते. हल्ली सदानकदा खिशातच असत. शर्टाची बटणं आई लावून द्यायची. म्हातारपणी लाडात आलेत, असं आम्ही हसण्यावारी नेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरामागच्या शेडमध्ये त्यांनी काम सुरू केलं. मी दिवा धरून उभी होते. डाव्या हातात गरम हवेचा ब्लोअर, उजव्या हातात फिल्मची कड. ते ती पटालगत, इंच इंच मागे ओढत होते. खालून निळा समुद्र निघाला, मग मासे निघाले. माझ्या अंगावर काटाच आला, इतका तो निळा होता.

मग वास आला. आई स्वयंपाकघरातून धावत आली. "काय जळतंय?"

आम्ही वायर बघितली, प्लग बघितला. बाबा ओढतच होते. तेवढ्यात माझी नजर त्यांच्या डाव्या हातावर गेली. अंगठा ब्लोअरच्या तापलेल्या तोंडाला टेकला होता. कातडी पांढरी पडून फुगली होती.

"बाबा, अंगठा!"

त्यांनी खाली पाहिलं, जणू दुसऱ्याच कुणाचा हात होता. दचकून ब्लोअर टाकला आणि उजवा हात वर झाला. फिल्मच्या मागे पाणबुड्याचा चेहरा चिकटून आला. पटावर तेवढं कोरं लाकूड उरलं.

"कधीपासून?" आईनं विचारलं.

"गेल्या हिवाळ्यापासून. आधी नुसती टोकं बधिर होती."

"आणि रोज मी उकळता कप हातात देतेय! एका शब्दानं बोलला नाहीत?"

"बोललो असतो, तर हातात काम कोण देणार होतं?"

अंगठ्याला पट्टी बांधून घेतल्यावर त्यांनी आधी मालकीणबाईंना फोन लावला. काही लपवलं नाही. बाई आल्या, कोऱ्या लाकडाकडे बघत राहिल्या. "उरलेली काढू नका," एवढंच म्हणाल्या, आणि यंत्र तसंच घेऊन गेल्या. अर्धं निळं, अर्धं पिवळं.

रक्त तपासलं तेव्हा साखर किती वर्षांपासून वाढलेली होती, याचा अंदाज डॉक्टरांनाही नीट बांधता येईना. हातांतली जाणीव आता परत येणं कठीण, म्हणाले. पायांना जपा. तिथं तर त्याआधीच सुरुवात झालीय.

बाबांनी हत्यारं विकून टाकली. आई आता रोज संध्याकाळी त्यांना खुर्चीत बसवते आणि तळपाय उजेडात धरून तपासते. ते वैतागतात, "काही झालेलं नाही गं," म्हणतात.

काल तिला टाचेत काचेचा तुकडा सापडला. मोज्यात रक्त वाळून कडक झालं होतं. बाबा सकाळपासून त्यावर चालत होते.