कामरगावचा बेडूक डेक

आमच्या पत्त्यांच्या गँगचे किस्से कोणी लिहून ठेवत नाही, तरी ते साचत जातात. दर रविवारी दुपारी चार माणसं एका टेबलाभोवती बसली की एक तरी नवा तयार होतो, आणि पुढच्या रविवारी तोच थोडा फुगून परत येतो. खाली देतोय ते न फुगवलेले आहेत. निदान माझ्या बाजूने तरी.

आधी गँग सांगतो. मी मेडिकलवाला संजू. गजूभाऊ झेरॉक्स-लॅमिनेशनवाले, त्यांच्याच दुकानात आम्ही बसतो. बाबाराव काका एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. आणि आमची गुरू प्रणाली, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. हा ॲनिमेच्या, म्हणजे जपानी कार्टूनच्या, पत्त्यांचा खेळ कामरगावात आणला तिनेच.

खेळ सोपा आहे. प्रत्येकाने पन्नास पत्त्यांचा आपला गठ्ठा जमवायचा, त्याला डेक म्हणतात. चकचकीत पत्ते ताकदवान आणि महाग. साधे पत्ते विकतच्या बंद पाकिटातून इतके निघतात की शहरातली पोरं ते सरळ टाकून देतात. आम्ही त्या टाकलेल्यांवर जगतो.

* * *

काका पहिल्यांदा आले ते आम्ही रमी खेळतोय असं समजून. खुर्ची ओढली, प्रणालीच्या हातातले पत्ते निरखले, तलवारवाली पोरगी बघितली, तीन शेपट्यांचा कोल्हा बघितला.

"यात जोकर कोणता हाय?"

"काका, यात जोकर नसते."

काकांनी आमच्या तिघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघितलं. "बरं," म्हणाले, "मले वाटलं तुमी विसरले."

त्या दिवसापासून त्यांनी एकही रविवार चुकवलेला नाही.

* * *

स्वस्तात डेक बांधायचा प्रणालीचा मंत्र एकच: "लोकायले नोको हाय ते आपल्याले पायजे." म्हणून तिने मुंबईच्या एका माणसाकडून नको असलेले पत्ते चक्क किलोवर मागवले. वर्गणी काढली, पार्सल आलं, गजूभाऊंच्या टेबलावर ओतलं. पहिला पत्ता बेडूक. दुसरा बेडूक. तिसऱ्याला काका म्हणाले, "चांगलं हाय, जोडी लागून राह्यली."

अर्ध्याहून जास्त पार्सल एकाच बेडकाचं निघालं! छत्री घेतलेला, गाल फुगवलेला, जगावर रुसलेला बेडूक. गजूभाऊंचा चेहरा तर त्या बेडकासारखाच झाला.

प्रणाली मात्र पत्त्यावरची बारीक अक्षरं वाचत होती. एकटा बेडूक बिनकामाचा. पण चार बेडूक एकदम टेबलावर आले, तर समोरच्याचा सगळ्यात मोठा पत्ता एक डाव झोपतो. एका डेकमध्ये एक पत्ता चारदाच चालतो, म्हणजे नियमही आमच्या बाजूने. तिने तिथल्या तिथे सगळ्यांना चार-चार बेडूक वाटले. उरलेला ढीग गजूभाऊंच्या मुलीने पतंगांच्या शेपट्यांना लावला.

* * *

मग एकदा खरंच नशीब उघडलं. साध्या पाकिटातून प्रणालीला सोनेरी कडेचा ड्रॅगन निघाला. असे पत्ते आम्ही फक्त मोबाइलवर बघितलेले. त्याच्यावर श्वाससुद्धा सोडायचा नाही असं तिने जाहीर केलं आणि ती पाणी प्यायला उठली.

गजूभाऊ मनाने फार चांगला माणूस. गावातले आधार कार्ड, गुणपत्रिका, जातीचे दाखले, सगळं त्याच्याच मशीनमधून अमर झालेलं. प्रणाली परत आली तर ड्रॅगन गरम होता, कडक होता आणि त्याचे कोपरे गोल कापलेले होते.

"आता पावसात नेला तरी काई होत नाई," गजूभाऊ अभिमानाने म्हणाला.

प्रणाली ड्रॅगन उलटसुलट करून बघत राहिली. लॅमिनेट केलेला पत्ता डेकमध्ये चालत नाही, विकत कोणी घेत नाही. मी डोळ्यांनी गजूभाऊला खुणावत होतो, की बाबा, गप्प बस. त्याला वाटलं काहीतरी राहिलं.

"भोक पाडून देऊ काय? दोरी लावाले?"

तो ड्रॅगन हल्ली गजूभाऊंच्या स्कूटीच्या चावीला लटकतो. खरंच, पावसात त्याला काही होत नाही.

* * *

माझ्यावरचाही किस्सा सांगायला हवा, नाहीतर गँग मला सोडणार नाही. पत्ते घासून खराब होऊ नयेत म्हणून त्यांना प्लास्टिकची कव्हरं लागतात. ती पन्नास पत्त्यांना घ्यायची तर पत्त्यांपेक्षा महाग. मी छाती फुगवून म्हणालो, माझ्याकडे आहेत. आणि मेडिकलमधली गोळ्या द्यायची छोटी पाकिटं आणली. माप अगदी बरोबर बसलं.

एकच गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. रोज हजारदा बघतो, म्हणून दिसलीच नव्हती. प्रत्येक पाकिटावर डोसच्या वेळा दाखवणारे सूर्य, अर्धा सूर्य आणि चंद्र छापलेले होते. काकांनी सावकाश पत्ता उचलला, उलटून बघितला आणि मला गंभीरपणे विचारलं,

"संजू, हा बेडूक जेवणाच्या आंधी टाकू का नंतर?"

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच्या खर्चाने कव्हरं मागवली.

* * *

काकांना चाळीस वर्षं एकच सवय. गाडीत कोण चढलं, कोण उतरलं, कोणाचं तिकीट राहिलं, सगळं डोक्यात. मागच्या दिवाळीत पुण्याचा एक पाहुणा गावात आला होता, आयटीतला. त्याचा डेक असा झगमगता की आम्ही खुर्च्या मागे सरकवल्या. काकांनी काहीही चौकशी न करता त्याच्याशी खेळायला घेतलं.

डाव शेवटाला आला. पाहुण्याला एकच पत्ता हवा होता आणि तो आला की काका संपले. प्रत्येक पत्ता उचलताना पाहुणा डोळे मिटून पुटपुटत होता. तीनदा झालं. चौथ्यांदा काकांना राहवलं नाही.

"कोणाची वाट पाहून राह्यले? तो पंखावाला?"

पाहुणा दचकला. "तुम्हाला कसं कळलं?"

"त्याचे चारी जण उतरले नं, भाऊ. दोन सुरुवातीलेच, एक त्या कोल्ह्यासंगं, अन् एक तुमी सोताच उतरवला."

पाहुण्याने बाद पत्त्यांचा ढीग उपसला. चारही तिथेच होते. त्याने हातातले पत्ते खाली ठेवले. काकांनी त्याचं सांत्वनही आपल्या पद्धतीने केलं: "गाडी रिकामी झाल्यावर घंटी मारून काय उपेग?"

* * *

आता शेवटचा.

अमरावतीच्या एका दुकानदाराने शब्द दिला होता. त्याच्या स्पर्धेत आमच्यातलं कोणी पहिल्या चारात आलं तर कामरगावला अधिकृत टेबल मिळेल, म्हणजे गुणांच्या स्पर्धा गजूभाऊंच्या दुकानातच भरतील. प्रणालीसाठी हे सगळं काही होतं. दर महिन्याला तिला अमरावतीला कोण पाठवणार? तिच्या वडिलांनी, आबांनी, साफ सांगितलं होतं: "एकडाव जाऊन ये. मंग हे पत्ते पेटीत."

आबांची हयात बैलांच्या बाजारात गेली. पोरगी एकटी जायची नाही म्हणून तेही निघाले. मी दुकान बंद ठेवलं. काका तर एसटी म्हटल्यावर येणारच. गजूभाऊ दुकान सांभाळायला थांबले, आमचे डेकही तिथेच राहिले.

गाडीत आबांची पाण्याची बाटली लवंडली. आबांनी पटकन उचलली, पण डेकच्या पिशवीत जायचं ते गेलंच. स्पर्धेच्या टेबलावर पंचाने पत्ते तपासले आणि एक बाजूला काढला. बेडूक. पाण्याने फुगलेला. "हा पाठीमागून ओळखू येतो, चालणार नाही. तुमच्या डेकची यादी आधीच दिलेली आहे, त्यामुळे बेडूकच आणा. अर्धा तास आहे."

आमच्या गावात बेडूक पतंगांना बांधलेले. इथे शंभर पोरांच्या डब्यांतून सोनं चमकत होतं आणि साधा बेडूक एकाकडेही नव्हता. असला पत्ता स्पर्धेला आणतो कोण? प्रणाली टेबलाटेबलाने विचारत फिरली. तिचा आवाज बारीक होत गेला. मला फार वाईट वाटलं आणि आबांकडे बघवेना.

शेवटी इंजिनिअरिंगच्या रोहन नावाच्या पोराकडे एक सापडला. डब्यात मधे खूण म्हणून खोचलेला. त्याने प्रणालीचा डेक चाळला. "देतो. पण स्पर्धा संपली की तुमचा हा चमकणारा पत्ता माझा." तिच्या सगळ्या डेकमध्ये चमकणारा तेवढा एकच होता. ती हो म्हणणार, तेवढ्यात आबा मधे आले.

"तू बाजूले हो, पोरी. मी पाह्यतो."

आबा रोहनसमोर बसले, खांद्यावरचा दुपट्टा काढला, त्याचा हात हातात घेतला आणि वरून दुपट्टा टाकला. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. कापडाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात, म्हणजे बाजूच्याला कळत नाही. हे मला माहीत, काकांना माहीत. रोहनला काहीच माहीत नव्हतं.

आबांनी बोटं दाबली. रोहन टेबलाकडे बघत राहिला. आबांनी मान हलवली, पुन्हा दाबली. रोहनच्या कपाळाला घाम. मग आबा हात सोडून ताडकन उठले. "चाल वं प्रणाली. नाई जमत."

"काका, थांबा ना," रोहन म्हणाला. आबा पुन्हा बसले आणि रोहनने स्वतःच हात दुपट्ट्याखाली घातला.

दोन मिनिटांनी बेडूक प्रणालीच्या हातात होता, चमकणारा पत्ताही तिच्याकडेच होता. "आबा, तुमी त्याले काय कबूल केलं?" तिने विचारलं.

"सौदा सांगत नसतात. तू खेळ."

ती खेळली. काय खेळली! चौथी आली, टेबल कामरगावचं झालं, आणि तिला रडू आवरेना. काका आणि मी टाळ्या वाजवत होतो. आबा मात्र जागेवर नव्हते. दिवसभर प्रत्येक फेरी संपली की रोहन त्यांच्याजवळ जाऊन बसत होता आणि दोघांचे हात दुपट्ट्याखाली. आबांनी कबूल केलेलं हेच होतं, बोटांची भाषा शिकवायचं.

निघताना रोहन धावत बाहेर आला. त्याने खिशातून चष्मा पुसायचं इवलंसं फडकं काढलं आणि आपल्या हातावर टाकून तो हात आबांपुढे धरला. बोटं सगळी बाहेर दिसत होती. आबांनी हसू दाबत त्यावर आपला दुपट्टा टाकला आणि हात आत घातला.

काका टाचा उंचावून बघायला लागले. रोहनने दाबलं, आबांनी मान हलवली. आबांनी दाबलं, रोहन विचारात पडला. मग पुन्हा काहीतरी दाबलं गेलं आणि दोघेही एकदम हसले.

"जमलं," आबा दुपट्टा झटकत म्हणाले. "येतानी गाडी मोठी आणजो. बैल लहान नाई."