थ्री-पॉइंटरला एक गावठी कोंबडा

टेबलाखाली टोपलीतला कोंबडा माझ्या चपलेचा पट्टा टोचत होता आणि समोर यजमान कॉलेजची पोरं एकमेकांना पास देणं साफ विसरली होती. तिसरा क्वार्टर निम्मा झाला होता. माझ्या लॅपटॉपवर या क्वार्टरच्या असिस्टच्या रकान्यात भोपळा होता.

मी बास्केटबॉलच्या मॅचचे स्टॅटिस्टिक्स ठेवते. कोर्टाच्या कडेला स्कोअरर, टायमर आणि मी बसतो. स्कोअरर पॉइंट लिहितो. बाकीच्या भानगडी माझ्या. कोणी किती शॉट वाया घालवले, रिंगवरून उडालेला बॉल कोणी धरला, म्हणजे रिबाउंड, आणि कोणाच्या पासवर बास्केट झाली, म्हणजे असिस्ट. पनवेलमध्ये अजूनही लोक विचारतात, "तुम्ही क्रिकेटचा स्कोअर लिहिता ना?" मी हो म्हणते. वाद घालायचा कंटाळा येतो.

ही आंतरकॉलेज फायनल होती आणि यजमान कॉलेजसाठी नुसती ट्रॉफी पणाला नव्हती. प्रिन्सिपल सरांना कोर्टाच्या जागी पार्किंग करायचं होतं. कोच गायत्री मॅडमना त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, जिंकलात तर कोर्ट राहील, नाहीतर सुट्टीत पोल उपटून टाकू. मॅडमनी त्या पोरांवर चार वर्षं घाम गाळला होता.

हाफटाइमपर्यंत सगळं झकास चाललं होतं. कॅप्टन रितेश रोडपालीचा. स्वतः फारसा शॉट मारत नाही, पण बॉल अशा जागी देतो की पुढच्याने फक्त उडी मारायची. आघाडी चांगली होती. मॅडम पहिल्यांदाच खुर्चीला टेकून बसल्या होत्या.

तेवढ्यात प्रमुख पाहुणे टेबलाजवळ आले. नामदेवशेठ, राहणार कोन गाव. गावठी कोंबड्यांचा फार्म, गावात दरवर्षी स्वतःची क्रिकेट टुर्नामेंट, आणि कॉलेजच्या नव्या लायब्ररीचे देणगीदार. माणूस दिलदार. बास्केटबॉल मात्र जन्मात पहिल्यांदा बघत होते. काही बास्केटला दोन आणि काहींना तीन पॉइंट का, असं त्यांनी मला विचारलं. लाइनच्या बाहेरून, लांबून मारलं की तीन, असं मी सांगितलं.

"म्हंजे षटकार," शेठ म्हणाले आणि त्यांनी माइक घेतला.

आमच्या भागातल्या गावच्या टुर्नामेंटमध्ये चालू मॅचला बक्षीस जाहीर करायची पद्धत आहे. पुढच्या षटकाराला कोंबडा, पुढच्या विकेटला कोंबडा. शेठनी ती इथे आणली. तिसऱ्या क्वार्टरमध्ये जो लांबून मारेल त्याला एक गावठी कोंबडा, मग तो कोणत्याही टीमचा असो. ड्रायव्हरने गाडीतल्या टोपल्या आणून थेट माझ्या पायाशी ठेवल्या.

पाहुण्या टीमच्या कोचने पोरांना बजावलं की बसमध्ये कोंबडा आला तर मी उतरेन. त्यामुळे ती पोरं शांतपणे खेळत राहिली. आमची, म्हणजे यजमान पोरं मात्र मिळेल तिथून बॉल भिरकावू लागली. रिंगखाली मोकळा उभा असलेला ओंकार, टीममधला सगळ्यात उंच मुलगा, चक्क मागे पळत लाइनबाहेर गेला आणि तिथून बॉल प्रेक्षकांत मारला. मॅडमनी टाइमआउट घेऊन झापलं. पोरांनी माना डोलावल्या आणि परत तेच केलं. क्वार्टर संपेपर्यंत आघाडी गेली होती.

टेबलावरच्या माणसाने कोणाची बाजू घ्यायची नसते. पण प्रमुख पाहुण्यांना आकडे समजावून सांगायला बंदी नाही. मी लॅपटॉप शेठकडे फिरवला. असिस्ट काय असतो, तो कसा आटला, सगळं सांगितलं. शेठना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी लगेच माइक उचलला.

"आता जो पास देल, त्याला कोंबरा."

चौथा क्वार्टर सुरू झाला आणि कोणी शॉटच मारेना. रितेश ओंकारला, ओंकार परत रितेशला. बॉल हातात आल्यापासून चोवीस सेकंदांत शॉट मारावा लागतो, नाहीतर तो समोरच्या टीमला जातो. आमचा बॉल पुन्हा पुन्हा गेला. माझ्या शेजारचा टायमर हसू दाबताना लाल झाला होता.

मी शेठना म्हटलं, "बक्षीस मागे घ्या."

"मॅडम, माइकवर बोललेला शब्द मी मागं घेत नाय. गावान तोंड कसं दाखवू?"

मग टाइमआउटमध्ये मीच माइक घेतला आणि जाहीर केलं, पासवर बास्केट झाली तरच तो असिस्ट, आणि तो असिस्ट आहे की नाही हे मी ठरवणार. टेबलाशेजारच्या बेंचवर लगेच भांडण जुंपलं. मारायचं मी आणि कोंबडा त्याचा का, असा ओंकारचा रास्त प्रश्न होता.

"सगळे एकाच टोपात जातील," रितेश म्हणाला. "माझी आई रस्सा करेल. तू फक्त बॉल टाक."

त्यानंतर पोरं जे खेळली, ते टिपताना माझी बोटं दुखली. पास, बास्केट, असिस्ट. पास, बास्केट, असिस्ट. आणि तरीही एका पॉइंटने हरली.

गायत्री मॅडम पोलला हात लावून उभ्या राहिल्या. मला फार वाईट वाटलं. बक्षीस समारंभात प्रिन्सिपल सर शेठच्या कानाशी लागून इथल्या पार्किंगबद्दल आणि त्याच्या फरसबंदीला लागणाऱ्या देणगीबद्दल बोलत होते. पण शेठ अजून मॅचमध्येच होते. त्यांचं नाव पुकारलं तसे ते खूश होऊन ताडकन उठले.

"आमाला खेल लय आवरला. पुढल्या वर्षी ही टुर्नामेंट हितंच, याच कोर्टावर. जिंकल त्याला बोकड."

टाळ्या थांबेनात. सर घाईघाईने जवळ गेले आणि इथे पार्किंग होणार असल्याची त्यांनी पुन्हा आठवण करून दिली.

"सर," शेठ म्हणाले, "मी माइकवर बोललो ना."

लायब्ररीचं छत अजून शेठच्या पैशातून व्हायचं होतं. सरांनीही टाळ्या वाजवल्या.

कोर्ट अजून आहे. सर गाडी गेटबाहेर लावतात. मी एक गोष्ट शिकले. खेळाडू काय करतात ते माझ्या लॅपटॉपवर दिसतं. का करतात, त्यासाठी टेबलाखाली वाकून बघावं लागतं.