तेवढा शब्द खोडा

वकिलाच्या कारकुनाला किस्से आठवावे लागत नाहीत. एक दप्तर सोडायला जावं, तर त्याच्या दोरीत अडकलेलं दुसरं आपोआप सुटतं. आमचे अप्पासाहेब सोलापुरात सायकलवाल्यांचे वकील म्हणून ओळखले जात. तेव्हा गावात मोटारी मोजक्याच होत्या, पण त्यांच्या मालकांना सगळा रस्ता आपल्या बापाचा वाटे. मोटारीनं पाडलेला माणूस आधी दवाखान्यात जाई आणि तिथून आमच्याकडे येई.

*

होटगीचा एक रेल्वेतला गँगमन आला. हात गळ्यात बांधलेला, सायकल मात्र लखलखीत. चाक सरळ केलेलं, हँडल नवं. मोटार कुठं लागली ते दाखवायला ओरखडासुद्धा उरला नव्हता.

अप्पासाहेबांनी कपाळावर हात मारला. "अहो, हाच तर आपला पुरावा होता!"

"मोडकी गाडी घिऊन वकिलाच्या दारात कसं यायचं सायेब? बरं दिसतंय व्हय?"

दुसऱ्या दिवशी मी दारावर पाटी लावली : सायकल मोडली तशीच आणावी.

*

विरुद्ध बाजूच्या वकिलांचा एक प्रश्न ठरलेला असे : सायकलला दिवा होता का? सांगोल्याच्या एका मास्तरांना भर दुपारी मोटारीनं उडवलं, तर त्यांनाही तोच प्रश्न.

मास्तर कुबडीवर उभे होते. म्हणाले, "दिवा नव्हता. ऊन होतं."

*

मोटारवाल्याविरुद्ध साक्षीदार मिळणं महामुश्कील. पाहिलेलं असायचं साऱ्या पेठेनं, कोर्टात यायचं कुणी नाही. एकदा भाजी विकणारी एक म्हातारी मात्र आपणहून आली.

"मोटार रस्ता सोडून आली हे तुला कसं कळलं?" समोरच्या वकिलांनी दरडावून विचारलं.

"माजी पाटी कडंला व्हती की. ती चेचली, मंग ह्यो सायकलवाला."



*

नरसय्याचं दप्तर मात्र मी अजून जपून ठेवलं आहे. तेलुगू घरातला हा विणकर, हातमागावर साड्या विणायचा. सूत आणायला सायकलवर निघाला असताना एका बड्या व्यापाऱ्याच्या मोटारीनं त्याला उडवलं. उजवा गुडघा कायमचा ताठ झाला. पोलिसांनी पंचनाम्यात लिहिलं, 'इसम शिंदी प्यालेला होता', आणि प्रकरण मिटवलं.

त्याच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं. दारुड्याच्या घरची मुलगी नको, असा व्याह्यांचा निरोप आला.

"पाय गेला तर जाऊ द्या सायेब," नरसय्या म्हणाला. "मी कदी थेंब घेतला न्हाय. कागदावरचा तेवढा शब्द खोडा."

अप्पासाहेबांनी मोटारीच्या ड्रायव्हरवर फिर्याद लावली. साक्षीला तो पंचनामा लिहिणारा हवालदार आला.

"प्यालेला होता हे कशावरून?"

"वास येत व्हता, आंबूस."

अप्पासाहेबांनी मला खूण केली. मी नरसय्याच्या घरून आणलेलं झाकलेलं मडकं पुढं केलं. हवालदारानं वास घेतला आणि ठासून सांगितलं, "शिंदी."

अप्पासाहेबांनी मडक्यात सुताची लड बुडवली आणि मॅजिस्ट्रेटसाहेबांना दाखवली. विणकर सुताला लावतात ती आंबलेली खळ होती. नरसय्याच्या अंगाला आयुष्यभर तोच वास.

मला वाटलं, जिंकलो. पण समोरचे वकील उठले. "खळही लावली असेल आणि प्यालाही असेल."

नरसय्यानं मान खाली घातली. मला त्याच्याकडे बघवेना.

*

मग आरोपीला विचारलं, काही सांगायचं आहे का. ड्रायव्हर दस्तगीर मध्यमवयाचा, अंगावर मालकानंच दिलेला कोट. त्याच्या वकिलानं डोळ्यांनी दटावलं, तरी तो बोलला.

"साब, ये पिया नै था. मैंच उठाया इसकू, मेरेकू मालूम. गाडी मैंच तेज लाया."

"तुला शिक्षा होईल, कळतंय ना?" मॅजिस्ट्रेटांनी विचारलं.

"हौ साब."

शिक्षा झाली, परवाना गेला आणि त्याच संध्याकाळी नोकरीही गेली. निकालात 'फिर्यादी प्यालेला नव्हता' हे वाक्य होतं. नरसय्यानं ते मला तीन वेळा वाचायला लावलं.

*

लग्नाला अप्पासाहेब आणि मी गेलो. नरसय्या ताठ पाय ओढत दारात उभा होता. येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडत होता, पण नजर रस्त्याकडे.

"कुणाची वाट बघताय?" मी विचारलं.

तेवढ्यात सायकलची घंटी वाजली. मांडवापाशी दस्तगीर उतरला. सायकल मी ओळखली, नरसय्याचीच; कोर्टात पुरावा म्हणून तिच्यावर चिठ्ठी मीच डकवली होती. पुढचं चाक आता सरळ केलेलं होतं.

अप्पासाहेबांनी नरसय्याकडे पाहिलं.

"माजा गुडगा वाकत न्हाय," नरसय्या म्हणाला. "त्याचा वाकतो की."

आणि तो दस्तगीरला हाताला धरून आत घेऊन गेला.