संडासाच्या खिडक्या

आमच्या जुन्या व्हॅनच्या खिडक्या पाहून लोक विचारतात, कुठून मिळवल्या? मी ‘भंगारात’ म्हणतो आणि विषय बदलतो. बरीच वर्षं असंच चाललंय. त्या खिडक्या एका कारखान्याच्या संडासातल्या आहेत. त्या संडासात जे घडलं ते माझ्यामुळे घडलं, आणि ते सांगायचं मी टाळत आलो.

बायकोला दमा आहे. बंद खोलीत तिला झोप लागत नाही. मी निवृत्त झाल्यावर समुद्राकाठी जाऊन राहायचं तिनं मनावर घेतलं, म्हणून चाकणला एका गोडाऊनमागे गंजत पडलेली व्हॅन घेतली. आत झोपायला फळी होती, मागे शेगडीची जागा. पण तिच्या सरकत्या काचा उघडल्या की पाऊस आत, आणि लावल्या की हिचा जीव कोंडणार. काचेच्या आडव्या पट्ट्यांची, झडपांची खिडकी हवी होती. दांडी ओढली की पट्ट्या तिरप्या होतात, पाणी बाहेर निथळतं आणि वारा आत येतो. देहूरोडला गाड्यांच्या बॉडीचं काम करणारे एक चाचा होते. ते म्हणाले, “नव्या ॲल्युमिनियमच्या आणू नका काका. घाट उतरेपर्यंत वाजून वाजून सुट्या होतील. जुनी लोखंडी चौकट शोधा.”

तसल्या खिडक्या मी पाहिलेल्या होत्या. चिंचवडला ज्या कारखान्यात मी नोकरी केली, तिथं कामगारांच्या संडासांना त्याच होत्या. कारखाना पाडून टॉवर बांधायचं चाललं होतं आणि भंगार चिखलीकडं गेलं होतं. मी गेलो शोधायला. ढिगासमोर उभा राहीपर्यंत मला खिडक्यांखेरीज दुसरं काही आठवलं नाही.

चौकटींवर मेणासारखी घाण साचलेली. काचांवर विडीच्या धुराचा पिवळा थर, त्यावर गुटख्याच्या पिचकाऱ्या वाळून काळ्या झालेल्या. एकीची दांडी हलेना. मी बोटानं घाण खरवडली. खाली वेल्डिंगचे दोन टाके होते, शेजारी शेजारी. एक टाका पुरतो तिथं दोन मारायची सवय त्या कारखान्यात एकाच माणसाला होती. तो मी.

मी वेल्डरचा सुपरवायझर झालो होतो, आणि पोरं संडासात विड्या ओढत बसतात याचा मला राग होता. खिडकी बंद केली की आत इतका वास कोंडेल की कुणी टेकणार नाही, असं माझं डोकं. मेंटेनन्सवाला म्हणाला, “साहेब, माणूस गुदमरंल आत. माझ्यानं न्हाई व्हायचं.” मग मीच वेल्डिंगचा होल्डर उचलला आणि टाके मारले.

प्रेस मशीनवर लातूरकडचा एक कामगार होता. त्याला जुलाब लागले होते. तिसऱ्यांदा निघाला तेव्हा माझ्याजवळ थांबून हळूच म्हणाला, “साहेब, तेवढी खिडकी उघडून द्या की. लई मळमळायलंय.” मी अख्ख्या लाइनला ऐकू जाईल असं म्हणालो, “का राव, मुक्काम करायचाय का आत? अंथरूण पाठवून देऊ?” लाइन हसली. तोही थोडा हसला आणि आत गेला.

तो बाहेर आला नाही. दार तोडलं तेव्हा बेशुद्ध होता, स्वतःच्याच घाणीत पडलेला. चौघांनी त्याला उचललं. मी नाकाला रुमाल लावून बाजूला उभा होतो. मॅनेजरनं विचारलं, काय झालं? मी म्हणालो, “झोपला होता साहेब.”

तेच खरं ठरलं. त्याचं नाव ‘पाहुणा’ पडलं. डबा उघडला की कुणीतरी म्हणायचं, पाहुण्याला जागा द्या. थोड्या दिवसांनी त्यानं नोकरी सोडली. आम्ही निवृत्त माणसं वर्षातून एकदा जेवायला जमतो, तिथं आजही हा किस्सा निघतो: संडासात झोपलेला माणूस. तो झोपला नव्हता.

तरीही खिडक्या मी घेतल्या. तेवढ्या मजबूत दुसऱ्या मिळत नव्हत्या, हेही खरंच. बायकोनं अंगणात सोडा टाकून त्या घासल्या. “धुतलं की झालं,” म्हणाली. तिला टाक्यांचं काही माहीत नव्हतं. चाचांनी गाडीचा पत्रा कापला. गाडीची भिंत फुगीर आणि चौकट सपाट, म्हणून मधे लाकडी पट्टी बसवली, कडेनं रबर. काचा वाजू नयेत म्हणून प्रत्येक पकडीत सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले. शेवटी अडकलेल्या दांडीवर ग्राइंडर लावला. लोखंड तापलं आणि सांध्यांत दडलेला तो वास उठला, मूत, फिनेल आणि विडीचा. मी बाजूला जाऊन ओकलो. चाचा हसत म्हणाले, “काका, आता याच्याच खाली झोपायचंय तुम्हाला.”

पहिल्या रात्री बायको वाऱ्याला तोंड करून गाढ झोपली. मी जागा होतो. तिला वास येत नव्हता. मला येत होता, अजून येतो.

तो लातूरकडचा कामगार आळंदीला चहाची गाडी लावतो असं कळलं होतं. व्हॅन घेऊन गेलो. काय बोलायचं ते वाटेत पुटपुटत होतो. बायको म्हणाली, “स्तोत्र म्हणताय का?”

त्यानं लगेच ओळखलं. “साहेब? या की, बसा. वैनी, तुमी बी बसा.” म्हातारा झाला होता, माझ्यासारखाच. बायकोला कौतुक, ती त्याला व्हॅनजवळ घेऊन गेली. “या खिडक्या बघा, ह्यांच्याच कंपनीतल्या. ह्यांनी शोधून आणल्या.”

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग दांडी धरली. खाली ओढली, वर ढकलली, पुन्हा खाली. घासलेल्या टाक्यांच्या खुणेवर त्याचा अंगठा थांबला.

“उघडायली की आता,” तो म्हणाला.

“मग! नाहीतर हवा कशी येणार?” बायको म्हणाली.

“व्हय वैनी. हवा पायजे माणसाला.”

तो चहा गाळायला वळला. दोन गिऱ्हाइकं उभी होती. ती गेली, तिसरं आलं, तेही गेलं. मग कुणीच नव्हतं. त्यानं माझ्या हातात ग्लास दिला आणि समोर उभा राहिला, फडक्याला हात पुसत. मी म्हणालो, “आलं छान लागलंय.”

पुढच्या खेपेला चहाच्या गाडीवर दुसराच माणूस होता. आधीचे चहावाले गावाकडं जाऊन वारले, म्हणाला. त्यानंतरच्या जेवणात कुणीतरी पाहुण्याचा किस्सा काढला, सगळे हसले, आणि मीही हसलो. त्या हसण्याची किळस आली म्हणून हे लिहितोय.

वाटेत पुटपुटत होतो ते एवढंच होतं: तू झोपला नव्हतास. खिडकी मी बंद केली होती, आणि झोपलास असं खोटं मीच सांगितलं. माझं चुकलं.