समुद्राकाठचा व्हिला आणि चार बर्नर

सिसिलीच्या किनाऱ्यावर, एका जुन्या बंदराजवळ, आठवडाभरासाठी व्हिला घ्यायचा असं अमेरिकेतल्या आमच्या अल्फारेटाच्या घरात ठरलं, तेव्हा समुद्राबद्दल कुणी काहीच बोललं नाही. बाबाने लॅपटॉप टीव्हीला जोडला. शेजारचे काका, निवृत्त हृदयरोगतज्ज्ञ, काकूंना घेऊन आमच्याबरोबर येणार होते; ते सोफ्यावर पुढे सरकून बसले, आणि दोघांनी मिळून भूमध्य समुद्राकाठची स्वयंपाकघरं तपासायला घेतली.

"चार बर्नर दिसतायत," बाबा म्हणाला.

"गॅस की इंडक्शन? इंडक्शनवर भाकरी फुगत नाही, आधीच सांगतो."

"गॅस आहे, डॉक्टर."

"मग खिडकी बघा. फोडणीचा ठसका जाणार कुठून?"

पुढच्या फोटोत गच्ची होती. लिंबाची झाडं, खाली गावाची तटबंदी, तिच्यापलीकडे निळं पाणी. हे बांधकाम कितीतरी शतकं जुनं असल्याचं मालकिणीने अभिमानाने लिहिलं होतं.

"ते राहू दे," काका म्हणाले, "फ्रीज कुठंय?"

मी म्हटलं, गावातच तटबंदीच्या आत खोल्या मिळतायत, खाली खानावळ आहे, स्वयंपाकघराची गरजच नाही. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी उपोषणाला बसायला सांगितलंय.

"बाहेरचं दोन दिवस बरं वाटतं," काका म्हणाले. "तिसऱ्या दिवशी वरणभात लागतोच."

"आणि हिला हौस आहे," बाबा म्हणाला.

ज्या 'हिला' हौस होती ती तेव्हा आत या दोघांसाठी थालीपीठं लावत होती. आई आठवडाभर एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासते आणि शनिवारी-रविवारी आमची पोटं तपासते. मागच्या उन्हाळ्यात आम्ही डोंगरात घर घेतलं होतं. ते डोंगर आईने सिंकवरच्या खिडकीतून पाहिले. परत आल्यावर कपड्यांच्या घड्या घालताना ती मला म्हणाली होती, "पुढच्या वेळी मला नुसतं बसायचंय. पाण्यासमोर खुर्ची टाकून. कुणी काही मागायचं नाही."

"बाबाला सांग की."

"सांगितलं. तो म्हणाला, बस ना, कोण नको म्हणतंय?"

आता बाबाविषयी सांगायला हवं. कॉलेजात असताना त्याने नागपुरात गिरणीच्या फाटकाबाहेर पत्रकं वाटली होती, आणि अमेरिकेला येताना त्यांचा गठ्ठा बरोबर आणला होता. मी मराठी वाचायला शिकले ती त्या गठ्ठ्यावर. इतर मुलांना ससा आणि कासव भेटले, मला भांडवलदार भेटला. त्यामुळे आमच्या घरात तक्रार तोंडी करायची पद्धतच नाही. पत्रक लिहायचं, फ्रीजवर लावायचं, आणि ज्याच्याविरुद्ध असेल त्याने ते सगळ्यांसमोर उभं राहून वाचायचं. हा नियम बाबाचाच. झोपायच्या वेळेविरुद्धचं माझं पहिलं पत्रक त्याने असंच, छातीवर हात ठेवून वाचलं होतं.

तेव्हा थालीपीठं टेबलावर येईपर्यंत मी एक पत्रक लिहून फ्रीजवर लावलं. मथळा होता, 'व्हिला कुणाचा?'

बाबा उभा राहिला. सवयीने आवाज चढवला. "कामाच्या तासांसाठी नागपुरात घसा बसवणाऱ्या कार्यकर्त्याच्या घरात एका बाईचा दिवस किती तासांचा असतो?" इथवर त्याचा सूर छान लागला होता. पुढच्या ओळीला तो जरा खाली आला. काका खो-खो हसत होते. मग दुसरा परिच्छेद आला. "शेजारच्या डॉक्टरांनी गावाची हृदयं दुरुस्त केली, स्वतःचा चहा मात्र कधी केला नाही."

काकांचं हसणं थांबलं. त्यांच्याशेजारी बसलेल्या काकूंनी लोण्याची वाटी पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "हे वाक्य मोठ्या अक्षरात हवं होतं गं."

बाबाने पत्रक टेबलावर ठेवलं, खिशातून पेन काढलं, आणि मला वाटलं आता भांडेल.

"तीन मागण्या का घातल्यास?" तो म्हणाला. "तीन असल्या की मालक त्यातली सगळ्यात स्वस्त मान्य करतो आणि हार घालून घेतो. एकच ठेव. जिच्यातून पळता येणार नाही अशी." त्याने दोन मागण्या खोडल्या, एक विशेषण काढून टाकलं, आणि उरलेलं वाक्य खूश होऊन वाचलं. "स्वयंपाकघर नसलेलं घर घ्या. बघ, आता धार आली."

"म्हणजे मान्य?"

"छे. मान्य अजिबात नाही. पण पत्रक पक्कं झालं."

"मलाही विचारा कुणीतरी," आई म्हणाली. ती पहिल्यांदाच खुर्चीत बसली होती. "मला ही मागणी नको."

"आई, तू फितूर होतेयस."

"गप्प बस जरा. खानावळीत जेवलो तर मला आठवडाभर सुट्टी, आणि परत आल्यावर हेच. तुम्ही चार बर्नरचंच घर घ्या. चांगलं आहे, गॅस आहे, खिडकी आहे. मी त्या स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाही. भाकरी फुगते का ते डॉक्टर बघतील."

"अगं, पण आम्हाला येत नाही," बाबा म्हणाला.

"जायला अवकाश आहे. इथे सराव करा."

बाबाने काकांकडे पाहिलं, काकांनी काकूंकडे. काकू थालीपीठ खात होत्या, त्यांनी मान वर केली नाही. व्हिला त्याच संध्याकाळी बुक झाला. बुकिंगचं बटण आईने दाबलं.

पुढच्या रविवारी सराव होता. बाबा आणि काका आत, आई आणि काकू मागच्या लाकडी डेकवर, मी दोन्ही गटांच्या मध्ये, दारात. आतून बराच वेळ पुटपुटणं ऐकू येत होतं, मोहरी आधी की जिरं यावर. मग तेल फार तापलं, मोहरी उडाली, धूर झाला आणि घरातला अलार्म ठणाणा करू लागला. काका डोळे पुसत दारात आले. हातात झारा.

"वहिनी, हे बंद कसं करायचं?"

आईचे हात खुर्चीच्या हातांवर गेले. ती अर्धी उठलीसुद्धा. मी पाहत होते. काकूही पाहत होत्या. अलार्म वाजतच होता, आणि बाबा आतून तिला नावाने हाक मारत होता.

आई पुन्हा खाली बसली.

"खिडकी उघडा, डॉक्टर," ती म्हणाली, "आणि अलार्मखाली टॉवेल हलवा." आणि तिने पाय समोरच्या खुर्चीवर ठेवले.