काय ठरलं तुमचं?

खरं सांगा, तुमच्याबरोबर मुलाखत देऊन आलेल्या मैत्रिणीचा फोन आधी वाजला, तेव्हा तुम्हाला आनंद झाला होता का? लगेच, आतून, दुसरा कुठलाही विचार मनात यायच्या आधी? मला झाला नव्हता. सायली खोलीभर नाचत होती. मी तिला मिठी मारली आणि तिच्या खांद्यावरून माझ्या खाटेवर पडलेल्या माझ्या गप्प मोबाईलकडे बघत राहिले. मी जळत होते. त्याला दुसरा शब्द नाही.

हे मी लिहिते आहे गावी राहिलेल्या माझ्या माणसांसाठी, आणि माझ्यासारखं चंबूगबाळं उचलून शहरात आलेल्यांसाठी. तुमच्यापैकी कुणीतरी आत्ता याच क्षणी असंच एखाद्या मोबाईलकडे बघत बसलं असेल, याची मला खात्री आहे.

मी घर सोडलं ते धसईच्या एसटी थांब्यावरून. बाजाराचा दिवस होता. भाजीच्या टोपल्या, तांदळाच्या गोणी, आणि मधे आमचं तिघांचं कुटुंब, माझी एक ट्रंक. आईने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटाची चटणी बांधून दिली होती. बाबांनी माझ्या पिशवीत पत्रकांचा गठ्ठा कोंबला. बाबा शेती करतात आणि पत्रकं काढतात. शेती पावसाळ्यात, पत्रकं बारा महिने. रस्ता, शाळेतला न येणारा मास्तर, नळाला न येणारं पाणी, सगळ्यावर त्यांचं पत्रक निघतं. मुरबाडला छापायचं आणि धसईच्या बाजारात, म्हसा गावच्या जत्रेत वाटायचं. मी वाचायला शिकले ती त्यांवरच आणि लिहायला शिकले ती त्यांच्या कोऱ्या पाठीवर.

"ही उरलेली हायेत," बाबा म्हणाले. "मागची बाजू कोरी हाय. लिवायला होतील."

गाडी आली तेव्हा त्यांनी तेच सांगितलं जे लहानपणापासून सांगत आले होते. "कुणाच्या दारात दोनदा जायचं नाय. एकदा सांगायचं, ताठ मानेनं सांगायचं. मंग ज्याला गरज असंल तो येईल."

या वाक्यामागे काय आहे ते आमच्या वस्तीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. माझ्या पणजोबांना गावातल्या दारोदारी उभं राहून वाट बघावी लागायची. आतून हाक येईपर्यंत, कधी कधी न येताच. आजोबांनी धम्म स्वीकारला त्या दिवशी उंबऱ्यावर उभं राहून सांगितलं, आजपासून या घरातला कुणी परक्या दारात ताटकळणार नाही. आमच्याकडे देवघर नाही. हा नियमच देवघरासारखा आहे. तो घेऊन मी माळशेज घाट चढले, आळेफाट्याला गाडी बदलली आणि पुण्यात उतरले.

पुण्यात मला सायली भेटली. ग्रंथसंपादनाच्या कोर्सला आम्ही एका वर्गात होतो. ती भातसानगरच्या धरण कॉलनीतली, शहापूर तालुक्यातली. एकाच जिल्ह्यातल्या म्हणून आम्ही खोली वाटून घेतली. पहिल्याच सकाळी ती नळ उघडा ठेवून दात घासत होती. तिला त्यात काही वाटत नव्हतं, कारण तिच्या घराच्या नळाचं पाणी कधी गेलंच नव्हतं. मी मागे उभी राहून ते वाहणारं पाणी बघत होते. माझ्या आईने उन्हाळ्यात हंडा हंडा करून आणलेल्या पाण्याचा हिशोब डोक्यात होत होता. तिच्यावरचा माझा जळफळाट तिथूनच सुरू झाला असावा.

पण नळापेक्षा मला तिच्या बोलण्याचा हेवा वाटायचा. कॉलनीत तिच्या शेजारी इंजिनीअर राहायचे. ती त्यांना काका म्हणायची. त्यांच्या सोफ्यावर बसून टीव्ही बघायची. मोठ्या खुर्चीतला माणूस तिच्या लेखी सकाळी बनियनवर झाडांना पाणी घालणारा माणूस होता. माझ्या लेखी तो पत्रकाचा मजकूर होता. ग्रंथालयात पुस्तक मिळालं नाही तर ती सरळ ग्रंथपालांच्या टेबलावर हात टेकून म्हणायची, "सर, कधी येईल? उद्या येऊ?" आणि खरंच उद्या जायची. मला ते लाळघोटेपणाचं वाटायचं. तिला पुस्तक मिळायचं.

कोर्स संपला आणि एका प्रकाशकाकडे संपादकीय सहायकाची जागा निघाली. आम्ही दोघींनी अर्ज केला. मुलाखतीत मुद्रितं, म्हणजे छपाईआधीची प्रूफं, तपासायला दिली, मग एका मॅडमनी प्रश्न विचारले. माझी मुलाखत चांगली झाली. हे मी फुशारकीने म्हणत नाही. त्यांच्या छापील पुस्तकातलीच एक चूक मी दाखवली, आणि मॅडम हसल्या. निघताना म्हणाल्या, "एक जागा नक्की भरतोय, कदाचित दोन. कळवतो."

कळवतो. गाव सोडलेल्या माणसाचं अर्धं आयुष्य या शब्दावर लटकलेलं असतं. माझं तर सगळंच लटकलं होतं, कारण खोली महिनाअखेर सोडायची होती. नोकरी लागली तर पुणे, नाही तर ट्रंक उचलून परत धसई. वस्तीतल्या मुलींपैकी संपादनाचं शिकायला गेलेली मी पहिली. मी परत आले असते तर माझ्या मागून येणाऱ्या मुलींना घरातून काय ऐकावं लागलं असतं, ते मला पाठ होतं.

सायलीने त्याच संध्याकाळी मॅडमना आभाराचा ईमेल केला आणि पुढच्या आठवड्यात फोन केला.

"आभार कसले?" मी म्हणाले. "त्यांनी उपकार केले का आपल्यावर? आपण काम करून देणार आहोत त्यांना."

"अगं, मी फक्त विचारलं, अजून काही पाठवायला हवंय का."

"म्हणजे मस्का."

"म्हणजे आठवण. आमचे बाबा म्हणायचे, साहेब विसरतो, आपण आठवण करायची." मग तिने माझ्याकडे नीट बघितलं. "तू ना, चालतंबोलतं पत्रक आहेस. खाली मुद्रकाचं नाव तेवढं छापायचं राहिलंय."

मी हसले नाही. आता लिहिताना हसू येतंय.

दोन दिवसांनी तिचा फोन वाजला आणि तिची निवड झाली. पुढचे दिवस मी काय काय विचार केले ते लिहायची लाज वाटत नाही, कारण तुम्हीही केले असतील. तिने गोड बोलून जागा मिळवली. तिच्या आडनावाने मिळवली. कॉलनीतल्या कुठल्यातरी काकांनी शब्द टाकला. माझ्याकडे पुरावा एकाचाही नव्हता, आणि ज्या घरात पुराव्याशिवाय पत्रक निघत नाही त्या घरात मी वाढले होते. तरी मी डोक्यातल्या डोक्यात तिच्याविरुद्ध रोज एक पत्रक काढत होते. ती मात्र रोज विचारायची, "तू एकदा फोन करून बघ ना. दुसरी जागा आहे म्हणाल्यात." तिच्या चांगुलपणाचाही मला राग यायचा. जिंकलेल्या माणसाला चांगलं वागणं परवडतं, असं मी स्वतःला सांगायचे.

एका संध्याकाळी आईचा फोन आला.

"काय झालं गो त्या नोकरीचं?"

"कळवतो म्हणालेत."

"कवा?"

"माहीत नाही."

"मंग इचार की."

"आई, आपण कुणाच्या दारात दोनदा जातो का? बाबांनीच सांगितलंय."

"तुजा बाबा!" आई इतक्या जोरात म्हणाली की मी मोबाईल कानापासून लांब धरला. "नळासाठी पंचायतीत किती चकरा मारल्या त्यानं, इचार त्याला. ग्रामसेवक ह्याला लांबून बघतो नि मागच्या दारानं पळतो. तवा नाय आठवत दोनदा नि तीनदा?"

मागून बाबांचा आवाज आला. "ते गावासाठी व्हतं!"

"आणि ही पोर कुणाची हाय? गावाचीच ना?"

बाबांचा नियम आईने मोडीत काढलेला मी फार कमी वेळा पाहिला आहे. फोन ठेवल्यावर मला त्यातली आणखी एक वेळ आठवली.

म्हशाच्या जत्रेत बाबा एकदा बैल विकायला घेऊन गेले होते. चांद्या नावाचा, कपाळावर पांढरा ठिपका असलेला. मी बरोबर होते, शाळकरी. म्हशाला बैलाचा भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा उपरण्याखाली हात घालतात आणि बोटं दाबून सांगतात. शहापूरकडचा एक माणूस आला, त्याने उपरण्याखाली बोटं दाबली, बाबांनी मान हलवली. तो म्हणाला, "बगून येतो," आणि गेला. यानंतरचा नियम तिथे लहान पोरालाही माहीत असतो: जो आधी मागे वळला, त्याचा भाव पडला. देणाऱ्याने हाक मारायची नाही. बाबा बसून राहिले. दुसरी गिऱ्हाइकं आली तर "बोलणी चालू हायेत" म्हणून परत पाठवली. ऊन कलायला लागलं.

शेवटी आई उठली, पदर खोचला आणि गुरांच्या रांगांमधून सरळ त्या माणसापाशी गेली. मी तिच्या मागे पळाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"दादा, काय ठरलं तुमचं?" ती म्हणाली. आवाज वर नव्हता, खाली नव्हता. "नको असंल तर नको सांगा. म्हंजे आमी आमच्या वाटंला लागू."

त्याने दुसरा बैल केव्हाच घेतला होता. "नको मावशी," तो म्हणाला आणि वर त्यालाच ओशाळल्यासारखं झालं. आई परत आली. बाबा रागाने लाल झाले होते. "इज्जत घालवलीस!" आई म्हणाली, "नाय म्हणला तो. सोडा आता त्याची वाट." दिवस मावळायच्या आत चांद्या टोकावड्याच्या एका शेतकऱ्याने घेतला, चांगल्या भावाला.

पुण्यातल्या खोलीत बसून मी इतके दिवस तेच करत होते. म्हशाच्या बाजाराचा नियम लावून मी एका कचेरीवर रुसले होते, आणि त्या कचेरीला आपण बाजारात आहोत हे माहीतही नव्हतं. पणजोबा दारात उभे राहायचे कारण त्यांना विचारायची सोय नव्हती. ते गप्प उभे राहायचे. मीही गप्पच उभी होते. आजोबांनी मोडलं होतं ते हे गप्प ताटकळणं, आणि मी तेच ताठ मानेने करत होते.

फोनवर काय बोलायचं ते लिहायला मी बाबांच्या गठ्ठ्यातलं एक पत्रक काढलं. मजकूर लिहिला, खोडला, परत लिहिला. उलटून बघितलं तर बाबांचं वाक्य होतं, प्रत्येक पत्रकात असतं तसं: आमच्या मागील निवेदनाचे काय झाले, याचे उत्तर मिळालेले नाही. मी मोठ्याने हसले. सायलीने विचारलं, "काय झालं?" मी म्हणाले, "घरचं वाचतेय."

सकाळी कचेरी उघडल्यावर मी फोन केला. आभार मानले नाहीत. ते मला अजूनही जमत नाही. "मॅडम, दुसऱ्या जागेचं काय ठरलं? नको असेल तर तसं सांगा, म्हणजे मी दुसरीकडे बघेन."

त्या म्हणाल्या, "दुसरी जागा यंदा भरत नाही. कळवायला हवं होतं, राहून गेलं. मुद्रितं तुम्ही दोघींनी सारखीच छान तपासली होती. सायलीला पानं लावता येतात, तुम्हाला येत नाहीत. एवढाच फरक. ते शिकून घ्या."

एवढाच फरक. ना मस्का, ना आडनाव, ना कुणी काका. सायलीला कॉम्प्युटरवर पुस्तकाची पानं लावता येत होती, कारण सुट्टीत ती शहापूरला जाऊन ते शिकली होती. माझी डोक्यातली सगळी पत्रकं एका वाक्यात रद्दीत गेली. हेवा मात्र गेला नाही. उलट आता त्याला आधार मिळाला. आता मला तिच्या नळाचा आणि काकांचा नाही, तिच्या त्या सुट्टीचा हेवा वाटतो. या हेव्याचं निदान काही करता येतं.

त्याच दुपारी मी छापखाने पालथे घालायला सुरुवात केली. महिना संपायच्या आत एका लहान छापखान्यात लागले, जिथे लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल आणि पत्रकं छापतात, आणि जिथे मला पानं लावायला शिकवतात. ट्रंक पुण्यातच राहिली. बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पत्रकं छापतात? कागद कुठला वापरतात?"

घर म्हणजे काय, असं आता कुणी विचारलं तर मला वस्ती, शेत, धसईचा थांबा हे काहीच आधी आठवत नाही. आई फोनवर विचारते, जेवलीस का. मी हो म्हणते. ती थोडं इकडचं तिकडचं बोलते आणि परत विचारते, जेवलीस का खरंच? दुसऱ्यांदा विचारण्यात जिला कमीपणा वाटत नाही, ती बाई जिथे आहे ते माझं घर. नियम बाबांच्या तोंडून ऐकला, पण वाढले मी आईच्या विचारण्यावर.

म्हणून एक विनंती आहे, आणि ती विनंतीच आहे, पत्रक नाही. तुम्हालाही कुणीतरी "कळवतो" म्हणून गेलं असेल. तुमच्या खोलीतल्या दुसऱ्या कुणाचा फोन वाजला असेल आणि तुम्ही तिला मिठी मारून आतल्या आत जळत असाल. हे वाचून झालं की बाजूला ठेवा, नंबर काढा, आणि उद्या कचेरी उघडली की विचारा: काय ठरलं तुमचं?